खोली वाचवली, की घर मोडले? फिलाडेल्फियाच्या पॉवेल हाउसचा वाद

१/
न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात अठराव्या शतकातील एका श्रीमंत घराची खोली मांडलेली आहे. त्याच घराची दुसरी, अधिक भव्य खोली फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाने घेतली. मूळ घरात या दोन्ही खोल्या एकाच मजल्यावर, एकमेकींना लागून होत्या. ज्या घरातून त्या काढल्या, ते घर मात्र आजही फिलाडेल्फियाच्या साउथ थर्ड स्ट्रीटवर आपल्या मूळ जागी उभे आहे. ज्याच्या विनाशाच्या भीतीने खोल्या ‘वाचवल्या’ असे सांगितले जाते, त्या घराचा विनाश झालाच नाही. हा धागा त्या विसंगतीविषयी.

२/
वारसा जतनाच्या चर्चेत एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो : संग्रहालयांनी वस्तू उचलून नेल्या नसत्या, तर त्या नष्ट झाल्या असत्या. मूर्ती, भित्तिचित्रे, दारे, खांब, सगळ्यांसाठी हेच उत्तर तयार असते. ते इतके सोयीचे आहे की ते तपासण्याची गरज कुणालाच वाटत नाही. पॉवेल हाउसचे महत्त्व असे की येथे ते तपासता येते. तारखा उपलब्ध आहेत, खोल्या उपलब्ध आहेत आणि घरही उपलब्ध आहे.

३/
आधी शहर. विल्यम पेनने १६८२ मध्ये फिलाडेल्फियाची आखणी केली, तेव्हा त्याच्या मनात प्रत्येक घराभोवती बाग असलेले, मोकळे, हिरवे नगर होते. लंडनचा १६६५ चा प्लेग आणि १६६६ ची आग त्याच्या पिढीने पाहिली होती. पण व्यापाऱ्यांना डेलावेअर नदीचा धक्का हवा होता. सगळे नदीकाठी दाटीने राहू लागले, मोठे भूखंड उभे चिरले गेले, मध्ये गल्ल्या निघाल्या. मराठी वाचकाला हे शहर आनंदीबाई जोशींमुळे ठाऊक असते; त्या १८८६ मध्ये येथेच डॉक्टर झाल्या. त्यांच्या आगमनाच्या शंभर वर्षांहून अधिक काळ आधी या शहराला विटांच्या अरुंद, खोल घरांचे रूप आलेले होते.

४/
पॉवेल हाउस १७६५ मध्ये बांधले गेले, ते चार्ल्स स्टेडमन या व्यापाऱ्यासाठी. लोखंडाच्या धंद्यात त्याची भागीदारी होती. पुढे त्याचे आर्थिक गणित बिघडले आणि १७६९ मध्ये घर सॅम्युअल पॉवेलने विकत घेतले. म्हणजे ज्या नावाने घर ओळखले जाते, त्या माणसाने ते बांधलेच नव्हते. जुन्या घराला एकच मालक आणि एकच काळ बहाल करण्याची सवय किती जुनी आहे, हे येथपासूनच दिसते.

५/
दर्शनी भिंत पाहावी. रुंदी तीन खिडक्यांची. तळमजला, वर दोन मजले आणि छपरातून बाहेर डोकावणाऱ्या खिडक्यांचा पोटमाळा. विटा फ्लेमिश पद्धतीने रचलेल्या : एक वीट लांबीच्या बाजूने, तिच्या शेजारची रुंदीच्या बाजूने, पुन्हा एक लांबीची, आणि वरच्या थरात हाच क्रम सरकवलेला. रुंदीच्या बाजूने बसवलेली वीट भिंतीच्या आत शिरते आणि पुढचा-मागचा थर एकत्र बांधते. ही रचना दिसायला सुबक असते, पण तिला अचूक मापाच्या विटा आणि हात बसलेला गवंडी लागतो. मजल्यांच्या सीमेवर विटांचे किंचित पुढे काढलेले पट्टे आहेत. दार एका बाजूला, त्याला स्तंभ आणि वर त्रिकोणी शिरोभाग. सगळा डौल त्या एका दाराशी एकवटलेला, बाकीची भिंत संयमी.

६/
वीट ही येथे केवळ आवडीची बाब नव्हती. आगीची धास्ती होती. १७५२ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी या शहरात आगविमा मंडळी स्थापन केली. विमा देण्याआधी तिचा माणूस घर पाहून जाई आणि भिंतींची जाडी, जिना, लाकूडकाम यांची नोंद करी. अशा नोंदी आज वास्तूच्या इतिहासकारांचे मोठे साधन ठरल्या आहेत. एक गोष्ट ध्यानात ठेवावी : त्या कोरड्या नोंदींत संपूर्ण घर येते, स्वयंपाकघरासह. संग्रहालयाच्या मांडणीत ते येत नाही.

७/
आता आतील रचना. दारातून आत शिरताच एका कडेने लांब पडवीसारखा मार्ग जातो. त्याला लागून पुढची खोली, मागची खोली. मार्गाच्या शेवटी महोगनीचा रुंद जिना. आणि मागे अंगणाच्या कडेने लांबत गेलेला अरुंद भाग, ज्यात स्वयंपाक आणि नोकरांचे कामकाज. सर्वांत उत्तम दोन खोल्या तळमजल्यावर नाहीत, पहिल्या मजल्यावर आहेत. रस्त्याची धूळ आणि गोंगाट खाली राही, उजेड वर मिळे.

८/
ही रचना म्हणजे माणसांची चाळणी होती. कामाने आलेला माणूस खालीच थांबे. सन्मानाचा पाहुणा जिना चढून वर जाई, आणि चढताना महोगनीचा कठडा, कमान, गिलाव्यातील नक्षी हे सारे एकेक पायरीने त्याच्यासमोर उलगडत जाई. वरच्या दिवाणखान्याचे वैभव त्या चढण्यावर उभे होते. जिन्यापासून तोडलेला दिवाणखाना हा वाक्यातून तोडलेल्या शब्दासारखा असतो : शब्द सुंदर राहतो, पण तो काय म्हणत होता ते कळत नाही.

९/
सॅम्युअल पॉवेलचे आजोबा ‘श्रीमंत सुतार’ म्हणून ओळखले जात. सुतारकीतून आलेला पैसा त्यांनी घरांत आणि जमिनीत गुंतवला. नातू जन्मतःच धनिक झाला. शिक्षण संपवून तो सुमारे सात वर्षे युरोपात फिरला, व्हॉल्टेअरलाही भेटून आला. १७६९ च्या ऑगस्टमध्ये त्याने हे घर घेतले आणि त्याच महिन्यात एलिझाबेथ विलिंगशी विवाह केला. पुढची दोन वर्षे घराचा अंतर्भाग नव्याने सजला. काम रॉबर्ट स्मिथकडे होते, ज्याने कार्पेंटर्स हॉल उभारला, तोच हा. लाकडावरचे कोरीव काम हर्क्युलीस कोर्टनीचे. संग्रहालयांना पुढे हवे होते ते नेमके हे दोन वर्षांचे काम.

१०/
या घरात जे घडले ते कोणत्याही पाठ्यपुस्तकाला पुरेल. १७७४ मध्ये पहिल्या काँटिनेंटल काँग्रेससाठी आलेला जॉन ॲडम्स येथे जेवला आणि त्या मेजवानीची उधळण पाहून त्याच्या प्युरिटन मनाला अपराधी वाटले; तसे त्याने दैनंदिनीत लिहून ठेवले. शहर ब्रिटिशांच्या ताब्यात होते तेव्हा, १७७८ मध्ये, तहाच्या बोलणीसाठी आलेला अर्ल ऑफ कार्लाइल या घरात उतरला आणि मालक-मालकीण मागच्या भागात राहू लागले. एका अर्थी तेव्हा घराची चाळणी उलटी फिरली. आणि १७७९ च्या जानेवारीत येथे नृत्य झाले, तेव्हा वॉशिंग्टनने फ्रँकलिनच्या मुलीला सांगितले की आज आपल्या विवाहाला वीस वर्षे झाली. ही हकिकत तिने वडिलांना पत्राने कळवली.

११/
सॅम्युअल पॉवेल ब्रिटिश सत्तेखालील शहराचा शेवटचा आणि क्रांतीनंतरचा पहिला महापौर झाला. १७९३ च्या पीतज्वराच्या साथीत तो गेला. पण या घराची खरी राजकीय बुद्धी एलिझाबेथची होती. १७९२ मध्ये वॉशिंग्टन पद सोडू पाहत होता, तेव्हा तिने त्याला दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष होण्याचा आग्रह करणारे विस्तृत पत्र लिहिले. संविधान परिषदेच्या अखेरीस, आपल्याला प्रजासत्ताक मिळाले की राजेशाही, असे फ्रँकलिनला विचारणारी स्त्री तीच, हे जेम्स मॅकहेन्रीने १७८७ मध्ये नोंदवले. नंतरच्या कथनांत मात्र तिचे नाव गळाले आणि ती रस्त्यावरची कुणी अनामिक बाई झाली. संदर्भातून तोडण्याची क्रिया केवळ लाकडावर होत नसते.

१२/
आणि ते महोगनी? ते पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात उगवत नाही. त्या काळी हे लाकूड कॅरिबियन बेटांवरून आणि मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावरून येई, आणि ते तोडण्या-ओढण्याचे काम बहुतांशी गुलामांकडून करवून घेतले जाई. एलिझाबेथचा भाऊ थॉमस विलिंग हा पुढे अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्रीय बँकेचा अध्यक्ष झाला. त्याच्या व्यापारी पेढीच्या व्यवहारांत गुलामांची विक्रीही होती. पेनसिल्व्हेनियाने टप्प्याटप्प्याने गुलामी संपवण्याचा कायदा केला तो १७८० मध्ये, हा जिना बसवल्यानंतर. खोलीला ‘शैलीचा नमुना’ म्हटले की या सगळ्याची चौकशीच उद्भवत नाही.

१३/
एलिझाबेथने १७९८ मध्ये घर विकले. एकोणिसाव्या शतकात धनिक वस्ती पश्चिमेकडे सरकली आणि नदीजवळचा हा भाग गोदामांचा, कारखान्यांचा, नव्याने आलेल्या स्थलांतरितांचा झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी पॉवेल हाउसमध्ये रशिया-सायबेरियाकडून येणाऱ्या घोड्याच्या केसांचा आणि ब्रशसाठी लागणाऱ्या राठ केसांचा व्यापार चाले. घराच्या चरित्रातील हा भाग अनेक वर्णनांत ‘अधोगती’ या एका शब्दात उरकला जातो. वास्तविक त्या व्यापाराने घर वापरात ठेवले, छप्पर टिकवले. रिकामे घर वापरातल्या घराच्या कितीतरी आधी पडते.

१४/
मग ग्राहक आले. मेट्रोपॉलिटनने १९१८ मध्ये मागच्या दिवाणखान्याचे लाकूडकाम घेतले. १९२५ च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या संग्रहालयाने पुढची, नृत्याची खोली घेतली. मालकाने विकले आणि त्यांनी विकत घेतले. कायदा कुणी मोडला नाही. पण कायदेशीर खरेदीला जतन म्हणावे का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर पुढच्या सहा-सात वर्षांनी दिले.

१५/
१९३० च्या आसपास हे घर पाडून मोटारींसाठी जागा करण्याचा बेत होता. आतील सर्वांत मौल्यवान भाग आधीच काढून नेलेला असल्यावर उरलेल्या भिंतींची कदर कोण करणार? पण फ्रान्सेस ॲन विस्टर या स्त्रीने १९३१ मध्ये वास्तुजतनासाठी संस्था उभी केली, निधी जमवला आणि घर विकत घेतले. हे महामंदीचे वर्ष होते, बँका बुडत होत्या. १९३८ मध्ये घर लोकांसाठी खुले झाले. काढून नेलेल्या खोल्यांच्या जागी प्रतिकृती बसवाव्या लागल्या.

१६/
आता युक्तिवाद पहिला : ‘नेले नसते तर गेले असते.’ न्यायाने बोलायचे तर १९१८ मध्ये १९३१ कुणाला दिसत नव्हते, आणि लाकूडकाम एखाद्या दलालामार्फत तुकड्यांनी विकले जाण्याची भीती खोटी नव्हती. पण घडले ते असे : ज्या इमारतीला वाचवणे अशक्य मानले गेले, तिला मंदीच्या ऐन भरात, मोठ्या संग्रहालयाच्या तिजोरीविना, नागरिकांनी वाचवले. म्हणजे पर्याय होता. तो शोधला गेला नाही, कारण ग्राहकाला घर नको होते, खोली हवी होती. शिवाय आतला भाग विकला गेल्यामुळेच बाहेरचा भाग पाडण्याजोगा झाला. जो धोका दूर केल्याचे श्रेय घेतले जाते, तो वाढवण्यात त्या खरेदीचाही वाटा होता.

१७/
युक्तिवाद दुसरा : ‘संग्रहालयात ती लाखो लोकांना दिसते, सुरक्षित राहते.’ दिसते, पण काय दिसते? मेट्रोपॉलिटनने ती खोली मांडताना भिंतींवर हाताने रंगवलेला चिनी कागद लावला. कागद खरा आणि जुना, पण तो या घरातला नव्हता. खिडकीबाहेर थर्ड स्ट्रीट नाही. उजेड दिव्यांचा. जिना नाही, स्वयंपाकघर नाही, वर पोटमाळा नाही. तरीही पाहणाऱ्याला वाटते की आपण १७७० च्या फिलाडेल्फियात उभे आहोत. सुरक्षित राहिले ते लाकूड. खोलीची रचना त्या दिवशीच संपली ज्या दिवशी ती उतरवली.

१८/
युक्तिवाद तिसरा सर्वांत चतुर आहे : ‘अस्सल खोल्या संग्रहालयात, घरात तर नक्कल; मग अस्सल कोणते?’ नक्कल अचूक करता आली ती मूळ लाकूडकाम संग्रहालयात टिकून होते म्हणून, हे मान्य करायला हवे. पण अस्सलपणा केवळ फळ्यांत नसतो. भिंतीची जाडी, मजल्याची उंची, दारातून जिन्यापर्यंतची पावले, पुढच्या आणि मागच्या भागातील अंतर, हे अठराव्या शतकातीलच आहे आणि ते फक्त थर्ड स्ट्रीटवर आहे. नकली फळ्या असलेल्या खऱ्या घरात इतिहास शिकता येतो. खऱ्या फळ्या असलेल्या घराविना खोलीत मुख्यतः सुतारकाम शिकता येते. तेही मोलाचे, पण त्याला इतिहासाचे नाव देऊ नये.

१९/
ही खरेदी निव्वळ सौंदर्यप्रेमाने झाली, असेही नव्हे. मेट्रोपॉलिटनचा ‘अमेरिकन विभाग’ नोव्हेंबर १९२४ मध्ये उघडला. त्याच वर्षी मे महिन्यात दक्षिण व पूर्व युरोपातून येणाऱ्यांची संख्या घटवणारा आणि आशियाई स्थलांतर जवळजवळ बंद करणारा कायदा झाला होता. विभागाच्या प्रमुख शिल्पकारांपैकी एक असलेल्या आर. टी. एच. हॉल्सीने उघडपणे मांडले की परक्या विचारांच्या लोंढ्यापुढे या जुन्या खोल्या ‘खऱ्या’ अमेरिकन परंपरेची शिकवण देतील. खोलीतून रशियन घोड्याच्या केसांचा इतिहास पुसून १७७० चा इतिहास कोरा करून दाखवणे, हे या विचाराशी सुसंगतच होते.

२०/
मात्र घर वाचवणारेही निर्दोष नव्हेत. त्यांनीही पॉवेल दांपत्याचा काळ निवडला. स्टेडमन आणि नंतरचे सारे रहिवासी कडेला गेले. पुढे १९५० आणि ६० च्या दशकांत हाच प्रकार सबंध मोहल्ल्यावर झाला. ‘सोसायटी हिल’च्या नूतनीकरणात शेकडो जुनी विटांची घरे दुरुस्त झाली, शेजारी आय. एम. पेई यांचे उंच मनोरे उभे राहिले, आणि तेथे राहणारी पुष्कळ गरीब कुटुंबे, त्यांत अनेक कृष्णवर्णीय, बाहेर पडली. संग्रहालयाने घरातून खोली उचलली होती. येथे भिंती जागेवर राहिल्या आणि माणसे उचलली गेली.

२१/
आणि काही चौक पलीकडे याहून बोलके उदाहरण आहे. ज्या विटांच्या घरात वॉशिंग्टन आणि ॲडम्स राष्ट्राध्यक्ष म्हणून राहिले, त्याचा बराचसा भाग १८३२ मध्ये पाडला गेला. कडेच्या भिंती तरीही उरल्या होत्या. त्या १९५१ मध्ये गेल्या, आणि त्याही स्वातंत्र्याच्या स्मरणार्थ मोकळे मैदान करण्याच्या कामात. २००७ च्या उत्खननात तेथे स्वयंपाकघराचा पाया आणि नोकर-गुलामांच्या ये-जा करण्याचा भुयारी मार्ग सापडला. वॉशिंग्टनच्या त्या घरात नऊ गुलाम राबत होते. त्यांतली ओना जज १७९६ मध्ये निसटली आणि पुन्हा कधी हाती लागली नाही. २०१० मध्ये त्या जागी स्मारक झाले. ही कथा कोरीव फळ्यांनी सांगितली नाही. ती जमिनीखालच्या विटांनी सांगितली, कारण त्या विटा कुणी विकत घ्यावयास आले नव्हते.

२२/
१९६४ च्या व्हेनिस सनदेने या वादात आंतरराष्ट्रीय निकष दिला आहे : वास्तू तिच्या इतिहासापासून आणि परिसरापासून अविभाज्य असते, तिचा अंगभूत अलंकार काढून नेणे तेव्हाच क्षम्य, जेव्हा तो टिकवण्याचा दुसरा कोणताच मार्ग उरत नाही. हा निकष १९१८ च्या खरेदीदारांवर मागे जाऊन लादणे अन्यायाचे होईल. पण आजही त्या खरेदीला ‘सुटका’ म्हणणाऱ्यांवर तो लादणे अन्यायाचे नाही. दुसरा मार्ग होता, याचा विटांचा पुरावा थर्ड स्ट्रीटवर उभा आहे.

२३/
म्हणून मागणी दोन गोष्टींची. उभ्या इमारतीतून खोली काढणे याला खरेदी म्हणावे, जतन म्हणू नये. आणि ‘आम्ही नेले नसते तर’ हे वाक्य कुणीही उच्चारले की त्याच्याकडे तारखा मागाव्यात : केव्हा नेले, तेव्हा इमारतीची स्थिती काय होती, नंतर तिचे काय झाले, आणि ती जागेवर ठेवण्याचा प्रयत्न कुणी केला होता का.

२४/
इतिहासाची गोडी असलेल्या तरुण वाचकाने संग्रहालयातील कोणत्याही जुन्या खोलीत उभे राहिल्यावर आणखी एक गोष्ट करावी. दाराकडे पाहावे आणि विचारावे की या दारापलीकडे मूळ घरात काय होते. पॉवेल हाउसच्या बाबतीत पलीकडे महोगनीचा जिना होता, खाली दिवाणखान्यापर्यंत कधीच न पोहोचणारी माणसे होती, मागे धुराने काळवंडलेले स्वयंपाकघर होते. ते पाहायचे असेल तर न्यूयॉर्कला जाऊन उपयोग नाही. साउथ थर्ड स्ट्रीट, घर क्रमांक २४४.